आमच्या अंगणवाडीतलं लसीकरण

लेकीचा साडेतीन महिन्यांचा डोस परवा गल्लीतल्या अंगणवाडीत झाला. सोलापूरचा मे महिना, सकाळी दहालाच चटका बसत होता. मला सुयांची भीती नव्हती. लस उन्हानं वाया गेली असेल तर काय, याची होती. थोरल्याच्या वेळी एका खासगी दवाखान्यात रात्री लाईट गेलेली, आणि फ्रीज किती वेळ बंद होता हे तिथं कुणालाच सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय टोचून घेत नाही.

इथल्या सिस्टर विचारलं म्हणून रागावल्या नाहीत. निळा डबा उघडून बाटली माझ्यासमोर धरली. लेबलवर एक गडद गोल, त्याच्या आत फिकट चौकोन. उष्णतेनं चौकोन काळवंडत जातो. गोलाच्या रंगाला भिडला की बाटली बाद. आमचा चौकोन जवळजवळ पांढराच होता. "उन्हाइतकीच बर्फाची पण भीती असते, ताई," त्या म्हणाल्या. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, 2 ते 8 अंशांत ठेवायची, गोठली तरी कामातून जाते. म्हणून आईसपॅक फ्रीजरमधनं काढून घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवतात, कानाशी हलवून आत पाणी डुचमळतंय का बघतात, मगच डब्यात लावतात.

सासूबाई कळवळल्या, "एवढ्याशा लेकराला तीन तीन सुया कशाला वं?" तर सिस्टरनी सगळं समजावलं. पेंटा एकटीच घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाच रोगांवर. लसीतला जंतूचा निर्जीव अंश बघून पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं बनवायला शिकतात, आणि त्यातल्या काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. दीड, अडीच, साडेतीन महिने असा प्रत्येक डोस ती ओळख पक्की करतो. आमचे हे चादरीच्या कारखान्यात आहेत, ते लगेच म्हणाले, "म्हणजे जकार्ड मागाची कार्डं! एकदा भोकं पाडून ठेवली की तीच नक्षी परत झटक्यात निघते." सासूबाईंना तेव्हा पटलं.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, तापाच्या औषधाचं माप वजन करून सांगितलं. रात्री अंग तापलं, सकाळी उतरलं. ताप येणं म्हणजे शरीर कामाला लागलंय, हे आधीच ऐकलेलं असल्यामुळं आम्ही घाबरलो नाही.

खोली मात्र पत्र्याची, पंखा एकच, प्यायला पाणी नाही. बाळंतिणी दारात उन्हात उभ्या होत्या. निदान एक मांडव तरी घालायला पाहिजे. जाताना पाण्याची बाटली आणि टोपडं घेऊन जा.

आमची पुढची पाळी नऊ महिन्यांची, गोवर-रुबेलाची. ती लस भुकटीची असते, कालवली की चार तासांतच वापरावी लागते, म्हणून सिस्टर चार लेकरं जमल्यावर बाटली फोडतात. तिथं थांबावं लागलं तर चिडू नका, लसीकरणाचं कार्ड घेऊन वेळेवर या.