यूव्ही सहा महिने वापरल्यावर: इन्स्टॉलची कटकट गेली, इम्पोर्टची राहिली

पायथनमध्ये पिप (पॅकेज बसवणारं टूल), व्हेन्व (प्रत्येक प्रोजेक्टचं वेगळं पायथन-वातावरण) आणि रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) सोडून ही सगळी कामं करणाऱ्या यूव्ही या टूलकडे वळताना बहुतेक जण वेगाचं कारण सांगतात. वेग आहेच. पॅकेज एकदा कॅशमध्ये, म्हणजे यूव्हीच्या सामाईक साठ्यात, उतरलं की पुढच्या प्रोजेक्टला ते पुन्हा डाउनलोड होत नाही. कॅश आणि प्रोजेक्ट वेगवेगळ्या ड्राइव्हवर असतील तर मात्र फाइली कॉपी कराव्या लागतात आणि तशी सूचनाही येते.

माझ्या मते खरं मोल 'यूव्ही.लॉक' या फाइलचं आहे. 'यूव्ही अ‍ॅड' केलं की पॅकेजचं नाव 'पायप्रोजेक्ट.टॉमल'मध्ये (प्रोजेक्टची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) जातं आणि त्याखालच्या सगळ्या अवलंबित पॅकेजांची नेमकी आवृत्ती हॅशसकट (फाइलची ओळख पटवणाऱ्या ठशासकट) लॉकमध्ये. ही फाइल गिटमध्ये टाकायलाच हवी. सीआयमध्ये, म्हणजे कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेत, 'यूव्ही सिंक --लॉक्ड' वापरा; 'सिंक' वातावरणातली पॅकेजं लॉकप्रमाणे जुळवतं. लॉक जुनं झालं असेल तर बिल्ड तिथेच थांबतं. '--फ्रोझन' ती तपासणीच करत नाही, म्हणून सीआयला तो चुकीचा पर्याय.

सवयीने 'यूव्ही पिप इन्स्टॉल' मारणाऱ्यांची एक चूक हमखास होते. पॅकेज .व्हेन्वमध्ये (प्रोजेक्टच्या वातावरणाच्या फोल्डरमध्ये) येतं, पण टॉमलमध्ये नोंद होत नाही. 'यूव्ही रन'ने सगळं चालतं, कारण तो जास्तीचं काही काढत नाही. पुढच्या 'यूव्ही सिंक'ला ते पॅकेज गायब! प्रोजेक्टमध्ये 'अ‍ॅड'शिवाय काही टाकू नका.

इम्पोर्टचं दुखणं वेगळं. साधं 'यूव्ही इनिट' केलं तर टॉमलमध्ये बिल्ड-सिस्टिमचा (कोडचं पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारा) भाग नसतो, म्हणून तुमचा स्वतःचा कोड .व्हेन्वमध्ये इन्स्टॉलच होत नाही. मुख्य फोल्डरमधून स्क्रिप्ट धावते, पण टेस्ट्स फोल्डरमधून तोच मॉड्यूल मागितला की 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर'. यावर 'सिस.पाथ'मध्ये (पायथन मॉड्यूल शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) रस्ते घुसडत बसू नका. सुरुवातीलाच 'यूव्ही इनिट --पॅकेज' करा. एसआरसी फोल्डरची रचना मिळते आणि कोड एडिटेबल पद्धतीने बसतो, म्हणजे फाइल बदलली की पुन्हा इन्स्टॉल नको.

नावांचा घोळ कुठलंच टूल सोडवत नाही. इन्स्टॉल करायचं 'पायवायएएमएल', इम्पोर्ट 'यामल'. इन्स्टॉल 'ओपनसीव्ही-पायथन', इम्पोर्ट 'सीव्ही२'. आणि स्वतःच्या स्क्रिप्टला 'रँडम.पीवाय' नाव दिलंत, तर शेजारच्या फाइलीतलं 'इम्पोर्ट रँडम' पायथनच्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतं. शंका आली की 'प्रिंट(रँडम.__फाइल__)' करून रस्ता बघा.

डॉकरमध्ये (कोड त्याच्या वातावरणासकट इमेजमध्ये बांधणाऱ्या टूलमध्ये) आधी टॉमल आणि लॉक या दोनच फाइली कॉपी करून 'यूव्ही सिंक --लॉक्ड --नो-इन्स्टॉल-प्रोजेक्ट' चालवा, मग कोड कॉपी करून पुन्हा 'यूव्ही सिंक --लॉक्ड'. कोडची एक ओळ बदलली म्हणून सगळी पॅकेजं परत बसत नाहीत.