सिलिंडर नंबर, चष्मा आणि बायनॉक्युलर मायक्रोस्कोप : एका पावसाळ्याचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझी छोटी लॅब आहे. रोवणीच्या दिवसांत तापाचे पेशंट वाढतात आणि मलेरियाच्या स्लाइड साचत जातात. एका डोळ्याचा जुना मायक्रोस्कोप बाजूला ठेवून उन्हाळ्याच्या शेवटी अंबाल्याच्या बनावटीचा बायनॉक्युलर घेतला. आता धान कापणीला आलंय, म्हणजे बोलण्याइतका वापर झाला.

लेन्स चांगल्या आहेत. १०० पट मोठं दाखवणाऱ्या, तेलाचा थेंब टाकून वापरायच्या ऑइल लेन्सखाली फॅल्सिपॅरमच्या, म्हणजे मलेरियाच्या एका जंतूच्या, रिंग (अंगठीसारखे आकार) स्वच्छ दिसतात. पण थिक स्मीअर, म्हणजे रक्ताच्या जाड थराची स्लाइड, निगेटिव्ह लिहायच्या आधी १०० फील्ड (एका वेळी दिसणारे गोल) बघायची असतात, आणि अशा स्लाइड एकामागून एक बघताना डोकं धरायचं की नाही हे खालच्या लेन्सपेक्षा आयपीस, म्हणजे डोळा लावायची वरची भिंगं, ठरवतात. विक्रेत्याचा माणूस आला, स्वतःच्या डोळ्याला फोकस केला, चहा घेतला, गेला. आयपीसवरच्या फिरत्या कड्याचं, ज्याने दोन डोळ्यांतला फरक जुळवतात, नावही त्याने काढलं नाही.

आधी दोन नळ्यांमधलं अंतर. दोन गोल एकमेकांवर बसून एकच गोल दिसला पाहिजे. माझं ६४ मिलिमीटरला बसतं, दुपारी बसणाऱ्या सहकारी मुलीचं ५८ ला. या मशीनचं डोकं, म्हणजे नळ्यांचा वरचा भाग, सिडेनटॉफ पद्धतीचं आहे, नळ्या कमानीत फिरतात, म्हणून अंतर बदललं तरी फोकस हलत नाही. सरकत्या नळ्यांच्या जुन्या डोक्यांत नळीची लांबीच बदलते, तिथे कडंही पुन्हा लावावं लागतं.

खरं काम कड्याचं, म्हणजे डायॉप्टरचं. माझ्याकडे उजवी बाजू पक्की आहे, कडं डावीकडे. ४० ची लेन्स लावायची, डाव्या आयपीससमोर कागद धरायचा आणि उजव्या डोळ्याने फाइन फोकस करायचा. डोळा मिटू नये, एक मिटला की दुसराही आकसतो. मग कागद उजवीकडे न्यायचा आणि फोकसच्या चाकाला हात न लावता फक्त कडं फिरवायचं. आधी पार प्लसकडे न्या, तिथून हळूहळू मायनसकडे या, आणि चित्र पहिल्यांदा स्वच्छ झालं की थांबा. पुढे फिरवलं तरी चित्र स्वच्छच दिसत राहतं, कारण तरुण डोळा स्वतः जोर लावून ते सांभाळून घेतो. त्याची किंमत संध्याकाळी कळते. कडं लावायला बसण्याआधी खिडकीतून लांब, शेतापलीकडे क्षणभर बघून घ्यायचं. परीक्षा मात्र ४ च्या लेन्सवर घ्या. ४० वर खपून गेलेला दोन डोळ्यांतला फरक तिथे लगेच दिसतो.

चष्म्याबद्दल आमच्याकडे सगळे एकच सांगतात : काढून बघा. साधा मायनस किंवा प्लस नंबर असेल तर ते बरोबर आहे. तेवढा नंबर फोकस भरून काढतो, दोन डोळ्यांतला फरक कडं. सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या एकाच दिशेतला दोष, मात्र कुठलंच कडं भरून काढत नाही. अगदी कमी असेल तर फारसं जाणवत नाही, माझ्यासारखा दीडचा असेल तर रिंगवरचा क्रोमॅटिनचा (जंतूच्या केंद्राचा) ठिपका एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो. आपल्या चष्म्यात सिलिंडर आहे का हे कळत नसेल तर तो हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघा आणि चष्मा गोल फिरवा. चौकट वाकडीतिकडी झाली तर सिलिंडर आहे.

चष्मा घालूनच बसायचं असेल तर घेतानाच आयपीसवर चष्म्याचं छोटं चिन्ह आहे का बघा. ते असलं की डोळा थोडा लांब ठेवूनही पूर्ण फील्ड दिसतं. साध्या आयपीसला चष्म्याने फक्त मधला तुकडा दिसतो. रबरी कप दुमडून ठेवायचे, नाहीतर काचेला काच घासते.

प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर असलेला, यासाठी निव्वळ निरुपयोगी. नजर नकळत खालच्या वाचायच्या भागात जाते, मग मान वर-खाली. आयपीसमधून येणारे किरण समांतर, म्हणजे लांबच्या वस्तूवरून आल्यासारखे, त्यामुळे चाळिशीचा नंबर इथे लागतच नाही. मी फक्त लांबच्या नंबरचा, सिलिंडरसह, स्वस्त फ्रेमचा चष्मा करून तो मायक्रोस्कोपजवळच ठेवला. मशीनपेक्षा त्या चष्म्याने जास्त आराम दिला, असं म्हटलं तरी चालेल.

सहकारी मुलीला साधा मायनस आहे, ती चष्मा काढून बसते. पहिल्या आठवड्यात म्हणायची, "सर, तुमच्या सेटिंगवर मला गरगरते." आता दोघांचे आकडे मशीनच्या बुडाशी चिकटपट्टीवर लिहिलेत. पाळी बदलली की आधी अंतर, मग कडं, मग स्लाइड.

खटकतं ते कडं. लवकर सैल झालं, लेन्स पुसताना सहज फिरतं. रबरी कपही घामाने चिकट झालेत, सुटे मागवलेत. बॅटरीवर चालणारा एलईडी असल्याने लाइन गेली तरी काम अडत नाही. पावसाळ्यात आयपीसला बुरशी धरू नये म्हणून रात्री पेटीत सिलिका जेल ठेवावंच लागतं. बिना चष्म्याचे असाल तर याहून स्वस्त मॉडेलही चालेल, फक्त कडं घट्ट आहे का ते दुकानातच फिरवून बघा.