'तुमची कथा वाचली' म्हणणाऱ्याला मी 38,500 रुपये दिले

नोव्हेंबर 2024. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील. मी ओट्याशी उभी राहून उकडलेल्या बांगड्याच्या डोक्यांतले काटे काढत होते. मंडईतल्या मावशी ही डोकी मला दहा रुपयांत देतात. भातात कालवली की तिन्ही मांजरांचं दोन वेळचं भागतं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गृहस्थांनी माझं पूर्ण नाव घेतलं, "मॅडम, बोलू शकतो ना?" असं विचारलं आणि माझ्या कथेचं पहिलं वाक्य मला म्हणून दाखवलं.

अकरा वर्षं मी कथा लिहितेय. साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि पुण्यातल्या दोन प्रेसची मुद्रितं तपासून पोट भरते. पानाला 12 रुपये मिळतात. बरा महिना असला तर पंधरा हजारांपर्यंत मिळतात, त्यातले साडेपाच हजार भाड्याला जातात. त्या वर्षी एका लहानशा दिवाळी अंकात माझी कथा आली होती. मानधन 500 रुपये आणि अंकाची एक प्रत. ती कथा कुणी वाचली का, हे मला कळायला मार्ग नव्हता. आईने वाचली, शेजारच्या वहिनींनी वाचली. अनोळखी माणसाच्या तोंडून माझं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. पुढचं सगळं त्या पाण्यामुळे झालं.

ते म्हणाले, "तुमच्या लेखनात माती बोलते." मग म्हणाले, "3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तुम्हाला माहीतच आहे. त्या निमित्ताने आमची संस्था नव्या लेखकांची पंचवीस पुस्तकं काढतेय. निवड समितीने तुमचं नाव काढलंय. फेब्रुवारीत दिल्लीच्या साहित्य संमेलनात आपल्या स्टॉलवर प्रकाशन." अभिजात दर्जा खरा होता, तारीख खरी होती, दिल्लीचं संमेलनही खरं होतं. त्यांनी सांगितलेलं जे जे मला तपासता येत होतं ते सगळं खरं निघालं, म्हणून उरलेलं मी तपासलंच नाही.

त्याच फोनवर त्यांनी एक प्रश्न विचारला होता, तो इथे सविस्तर सांगते. "त्या आजीचं शेवटी काय होतं, ते तुम्ही मुद्दाम मोघम ठेवलंत ना?" माझ्या कथेतली आजी पाचव्या पानावर वारते. तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, नात नदीकाठी उन्हात ताटकळते, यावर दीड पान आहे. कथा वाचलेला माणूस बाकी सगळं विसरेल, पण ते दीड पान विसरणार नाही. मला तेव्हाच खटकलं. तरी मी म्हणाले, "हो, तसं म्हणता येईल." त्यांनी सुरुवात वाचली होती आणि शेवट चाळला होता. मधलं काही वाचलं नव्हतं, आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

आठवड्याभरात करारनामा आला, पाच पानांचा. 160 पानांचा कथासंग्रह, 300 प्रती, आणि लेखकाचा "सहभाग निधी" 24,000 रुपये. एवढे पैसे माझ्याकडे नव्हते. पोस्टातली आरडी मोडली. मग डिसेंबरात आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या तेरा आकडी ओळख क्रमांकासाठी, 4,500 मागितले. ते मी मांजरांच्या डब्यातून दिले. चहाच्या जुन्या डब्यात दर महिन्याला तीन-चारशे टाकते, लस, ऑपरेशन, आजारपण यासाठी. त्यानंतर "कॉपीराइट नोंदणी" म्हणून 6,000, आणि जानेवारीत दिल्लीच्या स्टॉलसाठी 4,000. प्रत्येक वेळी यूपीआयवर, प्रत्येक वेळी एका व्यक्तीच्या नावावर. संस्थेच्या खात्यावर एकदाही नाही. पावती मागितली की "सगळ्याची मिळून एकदम देऊ."

आता ज्या गोष्टी मला तेव्हा ठाऊक असायला हव्या होत्या त्या सांगते. मुद्रितशोधनात आयुष्य घालवूनही मला त्या ठाऊक नव्हत्या, तेव्हा तुम्हालाही नसतील. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही देते, अर्ज ऑनलाइन करता येतो. कॉपीराइट तर तुम्ही कथा लिहिली त्या क्षणीच तुमचा झालेला असतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि करायचीच असेल तर साहित्यकृतीला सरकारी शुल्क 500 रुपये आहे. मी 6,000 दिले, आणि नोंदणी झालीच नाही. कारण अर्ज केला की डायरी नंबर मिळतो, तो त्यांनी कधी दिला नाही.

दिल्लीचे 4,000 दिले त्याच्या पुढच्या आठवड्यात माझा बोका गोट्या आजारी पडला. सकाळपासून मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, बाहेर यायचा, पुन्हा जायचा. मला वाटलं पोट साफ होत नसेल. संध्याकाळी ट्रेमध्ये हात घालून पाहिलं तर माती कोरडी ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, लघवीची वाट बंद झालीय. बोक्यांची नळी अरुंद असते, बारीक खड्यांनी तुंबते, आणि दीड-दोन दिवस तशीच राहिली तर जीव जातो. भूल, कॅथेटर, सलाइन, दोन रात्री दवाखान्यात. 7,400 रुपये. (बोका असा वारंवार ट्रेमध्ये बसत असेल आणि एक थेंब पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. हे या हकिकतीत बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

डबा रिकामा होता. मी त्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, दिल्लीचे 4,000 तेवढे परत द्या, स्टॉलवर माझं पुस्तक नसलं तरी चालेल. ते हसले नाहीत की चिडले नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, एका मांजरापायी साहित्यावर पाणी सोडणार?" आणि मला शरम वाटली. माझा जीव तिथे पिंजऱ्यात पडला होता, माझेच पैसे मी मागत होते, आणि शरमही मलाच वाटली. पैसे वहिनींनी दिले, भिशी लागली होती त्यातले. एक शब्द विचारला नाही त्यांनी.

21 ते 23 फेब्रुवारी 2025 ला दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर संमेलन झालं. माझी एक मैत्रीण गेली होती. तिने ग्रंथदालनात दोनदा फेरी मारली. त्या नावाचा स्टॉल नव्हता.

पुस्तकं मार्चअखेर एसटीच्या पार्सलने आली. 300 नव्हे, 40. प्रूफ मला दाखवलंच नव्हतं. मागितलं तेव्हा "आमच्याकडे तज्ज्ञ आहेत" असं उत्तर मिळालं होतं. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये ओतला आणि कुणी डोळ्यांखालून घातला नाही, हे पहिल्या पानावरच दिसलं. "दुसऱ्या" सगळीकडे "दुसर्या" झालं होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते, अवतरणचिन्हांच्या जागी चौकोन होते. पान 87 दोनदा होतं आणि 88 नव्हतंच. कावळा ज्या पानावर शिवत नाही, ते पान 88.

प्रत घेऊन मी पुण्याला गेले, ज्यांच्यासाठी काम करते त्या प्रेसमधल्या मामांकडे. चाळीस वर्षं छपाईत गेलेला माणूस. त्यांनी मजकूर वाचलाच नाही. पान उजेडात तिरकं धरलं आणि मला दाखवलं: अक्षरं कागदावर चमकत होती. "ऑफसेटची शाई कागदात मुरते. हा टोनर आहे, वर बसलाय. झेरॉक्सचाच भाऊ." मग पुस्तक मधोमध उघडून दाबलं. पाठीचा डिंक कडकन फुटला आणि चार पानं सुटून हातात आली. "10 फॉर्म्यांचं, म्हणजे 160 पानांचं पुस्तक. अशा चाळीस प्रती काढायला त्यांना पाच-सहा हजारांवर लागले नसतील. तीनशे छापलीच नाहीत, पोरी." मग त्यांनी मलपृष्ठावरच्या आयएसबीएनखाली पेन्सिलीने बेरीज मांडली. तेरा आकडे असतात. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक तसेच घ्यायचे, मधले तीनने गुणायचे, सगळ्यांची बेरीज शून्यावर संपली पाहिजे. माझ्या पुस्तकाची 107 आली. आकडासुद्धा मनचा टाकलेला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते करारनाम्यातलं आठवं कलम. "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी सर्व हक्क प्रकाशकाकडे." आपल्या कायद्यात ही मुदत म्हणजे लेखकाची हयात आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. अकरा वर्षांच्या चौदा कथा, माझ्या मरणानंतरही 60 वर्षं त्यांच्याकडे. करारात मुदत लिहिलीच नसती, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली गेली असती. म्हणजे ते कलम कुणीतरी जाणूनबुजून लिहिलं होतं. मी पाचही पानांवर सह्या केल्या, आणि दुसऱ्यांच्या पुस्तकातला अनुस्वारही नजरेतून सुटू न देणाऱ्या माझ्या डोळ्यांना आठवं कलम दिसलं नाही. मी फक्त "निवड झाली आहे" हे शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते.

लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. तसं उघडपणे सांगून, छपाईचा हिशोब देऊन, प्रूफं दाखवून चोख काम करणारी माणसं मी रोज पाहते. पण त्यात "निवड" नसते. आणि नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ अनुदान देतं, हे मला प्रेसमधल्या मामांकडून कळलं, सगळं होऊन गेल्यावर.

एप्रिलमध्ये मी 1930 वर, ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार पोर्टलवर नोंदवायला लावली, पण शेवटचे पैसे जाऊन तीन महिने झाले होते. त्या नंबरचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत आहे, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं तेव्हा. मला फसवलं गेलंय हेच कळायला इतका वेळ लागला. आता वकिलांच्या सल्ल्याने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली तर फी नाही. यूपीआयच्या चारही नोंदी, सगळे मेसेज, करारनामा आणि त्या चाळीसांतली एक फुटलेली प्रत जोडली आहे. हक्क परत घेण्यासाठी नोटीस वेगळी पाठवली. तिचं उत्तर आलेलं नाही.

राहिलेल्या प्रती खोलीत पलंगाखाली आहेत. संध्याकाळी कामं उरकली की एकेक काढते आणि पेन्सिलीने दुरुस्त करते, प्रत्येक "दुसर्या"चा "दुसऱ्या". पान 88 हाताने लिहून चिकटवते. सतरा झाल्या.

आमच्या लिहिणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर मी हे थोडक्यात टाकलं होतं. गेल्या रविवारी कराडहून एका मुलीचा फोन आला. वय बावीस-तेवीस, तिचीही पहिलीच कथा आली होती. "ताई, मला त्यांचाच फोन आलाय. म्हणाले, तुमच्या लेखनात माती बोलते." तिची कथा मुंबईच्या लोकलमधली. सहभाग निधी आता 28,000 झाला आहे. मी तिला म्हटलं, पैशांचं काही बोलू नकोस. तुझ्या कथेच्या बरोबर मध्ये काय होतं, एवढंच विचार.

अर्ध्या तासाने तिचा पुन्हा फोन आला. "विचारलं, ताई."

"मग?"

"म्हणाले, रेंज नाहीये, नंतर करतो."