वडशाहून प्रोजेक्टर-साऊंड भाड्याने आणलं, ग्लेंडा जॅक्सन दाखवायला

होळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा सीझन उतरतो आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या मंडप-साऊंडवाल्यांचं सामान मोकळं होतं, भाडं पण कमी लागतं, म्हणून आम्ही बचत गटाच्या बायांनी मार्चच्या शेवटी एका संध्याकाळसाठी प्रोजेक्टर, पडदा, दोन स्पीकर, एक माईक आणि छोटं जनरेटर असं बोलावलं. २८०० रुपये ठरले, गाडीभाडं त्यातच. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसात हेच सामान दुप्पट पैसे देऊनही मिळत नाही.

दाखवायचं काय होतं ते आधी सांगते, नाहीतर मी साऊंडवर एवढं का लिहिते ते कळणार नाही. मी बारा वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलं, आता ग्रामपंचायतीत मेंबर आहे, आणि "नाटकातली बाई काय पंचायत चालवन" हे अजूनही कानावर येतं. ग्लेंडा जॅक्सनबद्दल वाचलं तेव्हापासून मनात होतं की ही बाई आपल्या बायांनी एकदा तरी पाहावी. इंग्लंडमधल्या बर्कनहेडची, बाप गवंडी, स्वतः दोन वर्षं औषधाच्या दुकानात नोकरी केलेली, मग नाटक, मग सिनेमा, दोन ऑस्कर, आणि १९९२ ला अॅक्टिंग बंद करून लेबर पार्टीकडून खासदार झाली ती २०१५ पर्यंत.

आता सर्व्हिस. सातची वेळ दिली होती, गाडी आली पावणेआठला. हे मला बिलकुल पटलं नाही, कारण मोहफुलाचे दिवस होते, बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन जंगलात जातात, त्यांना नऊ-साडेनऊला घरी जायचं असतं, आणि हे मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. पडद्याला मधोमध घडी पडलेली होती, लॅपटॉपची केबल आखूड निघाली, शेवटी टेबलावर टेबल ठेवून भागवलं. प्रोजेक्टर मात्र चांगला निघाला, चेहरा साफ दिसत होता, मागच्या ओळीतल्या बायांनाही.

साऊंड लावला तेव्हा माझं डोकंच फिरलं. वरातीला लावतात तसा बेस फुल, वर ईको. पडद्यावर राणी झालेली ग्लेंडा बोलायला लागली की नुसता घुमारा. मी म्हटलं, "भाऊ, हा डीजे नाई, इथं शब्द ऐकू आले पायजे, ईको काढा." तो म्हणे, "ताई, ईको काढला तं आवाज बारीक वाटन." म्हटलं वाटू द्या. त्याने काढला, बेसही उतरवला, आणि मग जो आवाज आला ना, खडा, धारदार, एकेक शब्द सुटा. आमची भाषा नाही ती, तरी सगळ्या बाया गप्प झाल्या. भाचा दर पाच-सात मिनिटांनी थांबवायचा आणि मी माईकवर आपल्या बोलीत सांगायची. तो साऊंडवाला पोरगा नंतर स्वतःच मशीनजवळ बसून राहिला, कुठे आवाज वर, कुठे खाली, न सांगता करत होता. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला पैकीच्या पैकी देते.

आधी दाखवला १९७१ च्या बीबीसीच्या सहा भागांच्या मालिकेतला थोडा भाग, ती त्यात राणी एलिझाबेथ झालीय. रोलसाठी तिने डोक्याचे पुढचे केस खरोखर काढले होते हे सांगितलं तर आमची एक जुनी कलाकार मावशी म्हणे, "खरंच का वो? आमाले तं टोप देत." ह्या कामाला तिला दोन एमी, म्हणजे टीव्हीचे अमेरिकन पुरस्कार, मिळाले. मग एक फोटो लावला, २०१६ चा, लंडनच्या ओल्ड विक थिएटरमधला, ८० वर्षांची ग्लेंडा किंग लिअर झालीय, म्हातारा राजा, पोरींना राज्य वाटून देणारा. मावशी खूष. "आमच्या दंडारीत माणसं लुगडं नेसून बायांचे पार्ट करत, इथं तं बाई राजा झाली!" दंडार म्हणजे आमच्याकडचं जुनं लोकनाट्य.

पण खरी शांतता पसरली ती पार्लमेंटच्या व्हिडिओला. १० एप्रिल २०१३, तिथल्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर वारल्यावर सभागृहात श्रद्धांजली चालू होती आणि ग्लेंडा उठून सांगते की त्या राजवटीत शाळेच्या भिंतींचा पोपडा पोरांच्या चित्रांनी आणि चिकटपट्टीने धरून ठेवलेला असायचा, शाळेच्या वाचनालयातली कपाटं रिकामी, रात्री दुकानांच्या दारात बेघर लोक झोपलेले. समोरून आरडाओरडा, एकाने नियमाचा मुद्दा काढला, अध्यक्षांनी सांगितलं की ती नियमाबाहेर काही बोलली नाही. आमच्या बायांना पोपडा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. एवढ्या गोंगाटात तिचा आवाज कुठे फाटत नाही, हे त्या बारीक केलेल्या साऊंडवरच कळलं. इराकच्या लढाईला ती स्वतःच्या पार्टीच्या सरकारविरुद्ध गेली होती तेही सांगितलं. आणि २०१० ला ती फक्त ४२ मतांनी निवडून आली म्हटल्यावर एकदम कुजबुज झाली, कारण आमच्या वॉर्डात असेच निकाल लागतात, सात मतांनी पडलेली बाई तिथेच बसली होती. ती उठून मला म्हणे, "तो भाषनाचा भाग अजून एकदा लाव ना वो."

लावला. साडेदहा वाजले. पोराने जनरेटरच्या जास्तीच्या डिझेलचे पैसे मागितले नाहीत, उशीर आपल्याकडून झाला म्हणून २०० रुपये स्वतःहून कमी केले.

नाटक, भाषण, कीर्तन, जिथे शब्द ऐकायचा आहे अशा कामाला हे सामान जरूर घ्या, फक्त बेस आणि ईकोचं बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या, लांब केबल आपली घेऊन ठेवा, पडदा आदल्या दिवशी मागवून टांगून ठेवा म्हणजे घडी सुटते. आम्ही पुढच्या होळीनंतरचा दिवस सांगून ठेवलाय, मालिकेचे बाकीचे भाग राहिलेत, आणि साऊंडला तोच पोरगा पाहिजे असं मालकाला सांगितलंय.