घरपोच रक्ततपासणी, रत्नागिरी: आयएनआरसाठी उत्तम, पॅकेज नको

एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) रुग्णांसाठी इथली घरपोच सेवा आयएनआरपुरती (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) खरंच चांगली. निळ्या झाकणाची सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब खुणेपर्यंत भरतात, म्हणजे ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. मग जोरात न हलवता ३-४ वेळा हळुवार उलटी करतात. ट्यूब अर्धवट राहिली तर सायट्रेट जास्त होतं, आयएनआर खोटाच वाढलेला येतो आणि वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस विनाकारण कमी केला जातो. नमुना बर्फात ठेवत नाहीत, तेही बरोबर.

‘हृदय पॅकेज’मध्ये मात्र सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) आणि डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना बनणाऱ्या अंशाची तपासणी) जोडलेत. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा तापच काय, भातलावणीत चिघळलेली पायाची जखमही सीआरपी चढवते. डी-डायमर वयाबरोबर वाढतो, शिवाय रिपोर्टवर एफईयू की डीडीयू (तो मोजायची दोन एककं) हे छापलेलंच नाही! एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका. रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं, या दोन आकड्यांवर नाही. अपिक्सबॅन ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेणाऱ्यांना नियमित आयएनआरही लागत नाही. त्यांनी त्या पैशात क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्यावं.