गद्दींची धार की चांगपांचं पठार?

उन्हाळ्यात कळप घेऊन डोंगरात राहणारे मेंढपाळ बघायचेत, तर हिमाचलमधल्या लाहौलला गद्दींच्या धारेवर (उंचावरच्या कुरणावर) जावं की लडाखच्या पठारावर चांगपांकडे, असं इंदूरच्या आमच्या मंडळींपैकी बरेच जण विचारतात. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. पहिलीच खेप असेल तर लाहौल, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुख्य कारण भाषेचं. गद्दी मेंढपाळांशी हिंदीत मोकळेपणाने बोलता येतं, आणि आपण इंदूरकर उंबरठ्याबाहेर हिंदीतच वावरतो. चंद्रताल या तळ्याच्या वाटेवर एक पुहाल (गद्दी मेंढपाळाला पुहालच म्हणतात) सपाट दगडांवर चिमूट-चिमूट मीठ ठेवत होता. मेंढ्या रेटारेटी करत ते चाटत होत्या. चाटून चाटून दगड गुळगुळीत झालेले. एवढी खिंड चढून इकडे का येता, असं मी विचारलं. म्हणाला, पलीकडे पावसात खूर सडतात, इथे पाऊस कमी. मला एकदम आपले धनगर आठवले. तेही पावसाळ्यात कोरड्या माळावर असतात आणि दिवाळीनंतर कोकणात उतरतात. होळकर धनगर घराण्यातले. त्यांच्या गावच्या माणसाला तरी हे जवळचं वाटायला हवं.

चांगपांकडे असं बोलणं मला जमलं नाही. वडीलधाऱ्यांशी बोलायला लडाखी माणूस सोबत लागतोच. पण डोळ्यांना जे दिसतं ते विसरता येत नाही. त्सो मोरीरी तळ्याजवळ कोरझोक गावाच्या बाजूला याकच्या केसांचे काळे तंबू असतात, त्यांना रेबो म्हणतात. संध्याकाळी बाया शेळ्यांना समोरासमोर दोन रांगांत उभं करून माना एकमेकींत अडकवतात, एकाच दोरीने बांधतात आणि मागून धारा काढत जातात. पश्मिना याच शेळ्यांचा.

उंचीचा विचार मात्र नीट करा. विमान थेट 3,500 मीटरवरच्या लेहला उतरवतं. तिथे निदान दोन दिवस नुसती विश्रांती हवी. कोरझोक 4,500 मीटरच्या आसपास. म्हणजे घरून घरी दहा दिवस धरा, शिवाय टॅक्सीचा खर्च मोठा. लाहौलला मालवा एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरायचं, बसने मनाली, मग अटल बोगदा. सगळं मिळून आठ दिवसांत बसतं आणि खिशालाही झेपतं. पण चंद्रतालही 4,300 मीटरच्या घरात आहे, तेव्हा मनालीहून एका दमात वर जाऊ नका, बोगद्यापलीकडच्या सिस्सूला मुक्काम करा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर दोन्हीकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, ती पाळा. कळपाजवळ जाताना लांबूनच हाक द्या. गद्दी कुत्र्याच्या गळ्यात बिबट्यापासून बचावासाठी काटेरी लोखंडी पट्टा असतो, आणि तो कुत्रा अनोळखी माणसाला सहज जवळ येऊ देत नाही. फोटो विचारून काढा. भेट म्हणून चहापत्ती-साखर न्या.

जुलै-ऑगस्ट उत्तम. सप्टेंबर लागला की गद्दींचे कळप परत खिंडीकडे निघतात, तिकिटं काढताना हे धरून चाला.