चिखलीतलं जुनं घर की सोनतळीचा प्लॉट?

पंचगंगेच्या १९८९ च्या पुरानंतर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीकरांना वर सोनतळीत पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले, हे कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. अडचण आहे ती ज्यांच्याकडं खालचं जुनं घर आणि वरचा प्लॉट दोन्ही आहे त्यांची. संसार नेमका कुठं मांडायचा? भाचा हेच विचारत होता. त्याला सांगितलं तेच इथं मांडतो. प्रत्येकाचं घर वेगळं, तेव्हा माझं ऐकायलाच हवं असं नाही.

आधी खालच्या घराची बाजू, कारण ती लेचीपेची नाही. रान घराला लागून. पहाटे उठलं की दारातच गोठा, धार काढून किटली दूध संस्थेत, परत येईस्तोवर चहा तयार. रात्रीच्या लायटीला उसाला पाणी पाजायचं असलं तर बॅटरी घेऊन निघालं की झालं. भावकी, देऊळ, प्रयागचा संगम, सगळं खालीच. सोनतळीत यातलं काही नाही. घर बांधून उरलेल्या जागेत एखादी म्हैस मावते, आणि शेणावरनं शेजाऱ्याशी वाद ठरलेला. मग म्हशी खाली, माणसं वर. पावसात रेनकोट चढवून पहाटे चारला धारेला उतरायचा कंटाळा येत नाही असं जो म्हणतो, त्याच्याकडं म्हशी नसाव्यात.

आता पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं पोरासोरांनाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत तीच गत. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, त्यात महामार्गाचा भराव आणि पूररेषेतली बांधकामं. तरी खरं सांगायचं तर मी पुराला भिऊन वर आलो नाही. पुरात माणसं धावून येतात, जनावरांना वैरण येते, शाळेत आमटी-भात मिळतो. आठ-दहा दिवस कसेही निघतात.

मला हैराण केलं ते ओलीनं.

पाणी उतरतं, चिखल खरवडून काढला जातो, पंचनामा होतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. ओल मात्र दिवाळीपर्यंत भिंतीत मुक्काम करते. गिलाव्याला फुगारे येतात, बोट लावलं की पोपडा हातात. त्याखाली लोणा, म्हणजे क्षाराची पांढरी पूड. रंग दिला की दोन महिन्यांत पुन्हा तेच. आमच्या मधल्या खोलीचं दार फुगून चौकटीत अडकायचं. सुताराला बोलावून रंधा मारून घेतला, तर उन्हाळ्यात तेच दार आकसलं आणि बोटभर फट पडली. त्या फटीतनं उंदीर. स्विचबोर्ड उघडला की आत गाळाची मऊ पूड. शेंगांना बुरशी, वाकळांना कुबट वास, आणि आईचा खोकला गणपतीत सुरू झाला की थंडी सरेपर्यंत. पुराची भरपाई मिळते, ओलीचा पंचनामा कोण करणार? सोनतळीत आल्यापासनं आईचा खोकला कमी आहे. डॉक्टर याला हवामान म्हणतील, मी कोरडी भिंत म्हणतो.

नदीवरच ज्याचं पोट आहे, त्याचा हिशेब मात्र वेगळा. होडी आणि जाळं घेऊन जगणाऱ्या भोई मंडळींना 'वर जा' म्हणणं सोपं आहे. इंडोनेशियातल्या जाकार्ता शहराचं उदाहरण बघा. तिथं भूगर्भातलं पाणी उपसून उपसून उत्तरेकडची जमीन खचत चाललीय. तिथल्या मुआरा बारू भागात तर भिंतीपलीकडचा समुद्र अलीकडच्या वस्तीपेक्षा उंच. बंदरालगतची कांपुंग अक्वेरियम नावाची वस्ती सरकारनं २०१६ च्या एप्रिलमध्ये पाडली. लोकांना मारुंदा आणि रावा बेबेकच्या इमारतींत फ्लॅट दिले. घर पक्कं होतं, पण बंदर आणि मासळी बाजार लांब पडला. बरेच जण गेलेच नाहीत, कुणी परत आले आणि मोडलेल्या घरांच्या जागी तंबू ठोकून राहिले. शेवटी २०२१ मध्ये त्याच जागेवर त्यांच्यासाठी नव्या इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे त्यांची तक्रार नव्या घराबद्दल कमी आणि अंतराबद्दल जास्त होती. आपल्याकडं निदान खालचं रान कुणी काढून घेतलेलं नाही, आणि सोनतळीहून सकाळ-संध्याकाळ ये-जा जमते.

म्हणून भाच्याला एवढंच म्हटलं, म्हशी चारच्या वर असतील आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं पोर नसेल तर अजून काही वर्षं खाली काढायला हरकत नाही. नाहीतर वर ये. खालचं घर विकू नको, गोठा आणि अवजारांना ते लागतंच. बांधकामाला हात घालायच्या आधी मात्र प्लॉटाचा कागद बघ. १९८९ ला आजोबांच्या नावानं मिळालेल्या प्लॉटाला आज वाटेकरी किती आहेत, ते बसून ठरवा. भावाभावांत ते तोंडी ठेवू नका.